एन्टायर : शून्य

बदलीच्या अर्जात तेव्हा एक वाक्य ठरलेलं असे. अर्जदाराने आजवर वरिष्ठांच्या 'एन्टायर सॅटिस्फॅक्शन'ने काम केलं आहे, असं ते वाक्य. नुसत्या समाधानाने भागत नसे. चहाच्या आधी असमाधानी आणि चहानंतर समाधानी, असा वरिष्ठ चालत नसे. समाधान एन्टायर लागे, आणि ते तसं असल्याचं खुद्द वरिष्ठाने वेगळ्या कागदावर लिहून द्यावं लागे. मी तीन अर्ज केले होते. वाक्य तिन्हींत होतं. वेगळा कागद एकालाही जोडलेला नव्हता.

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा, सायकलवर फिरणारा माणूस. दवाखाना अहेरीच्या पुढे जंगलात. बस मिळाली तर दोन तास, नाही मिळाली तर उद्या. बायको घुग्घुसला शाळेत शिकवायची. तिथे कोळशाची आणि सिमेंटची धूळ, इथे हिवताप, त्यामुळे दोघांची तब्येत वेगवेगळ्या कारणांनी सारखीच असायची. महिन्यातून एकदा मी जायचो. मुलीला शाळेत कोणी विचारलं, तुझे बाबा कुठे असतात, तर ती 'बसमध्ये' असं सांगायची. ती गंमत करत नव्हती.

एन्टायर हा शब्द मला शाळेपासून ओळखीचा. आमचे इंग्रजीचे मास्तर एखाद्याने गडबड केली की 'एन्टायर क्लास, स्टँड अप' म्हणायचे. कोणी केलं हे शोधायचा त्यांना कंटाळा होता. त्या शब्दाचा अर्थ मी बाकावर उभ्याउभ्या शिकलो : ज्यात आपला काही दोष नसतो, पण आपण असतोच, ते एन्टायर.

नोकरीत तो पुन्हा भेटला तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते. आम्ही गडचिरोलीत गेलो. शिक्के जुनेच होते, कागद जुनेच होते, आणि वरून येणाऱ्या पत्रांत 'एन्टायर डिस्ट्रिक्ट'मध्ये अमुक मोहीम राबवावी असं असे. कुठला डिस्ट्रिक्ट, हे विचारायला गेलं तर उत्तर यायला सहा महिने लागले असते, आणि तोवर मोहीम संपली असती. आम्ही राबवली असं कळवत असू.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक रेंजर राहत. त्यांच्याकडून तिसरा अर्थ कळला. ज्या पानाची कड दातेरी नसते, अखंड असते, त्याला वनस्पतिशास्त्रात एन्टायर म्हणतात. एकदा त्यांनी तेंदूचं एक पान उचलून माझ्यापुढे धरलं. अळीने त्याला चार भोकं पाडली होती. "हेही एन्टायरच," ते म्हणाले. "शास्त्र कड बघतं. आतल्या भोकांशी शास्त्राचा संबंध नाही." रेंजर रिटायरमेंटला आले होते, आणि ते पानाविषयीच बोलत होते असं मला अजून खात्रीने वाटत नाही.

चौथा अर्थ माझ्या धंद्याचा. न बडवलेला नर म्हणजे एन्टायर. आपल्याकडे गोऱ्हा वयात आला की त्याला बडवून, म्हणजे खच्ची करून, बैल करतात. पूर्वी दगडाने करत, आता लोखंडी चिमटा आला. इंग्रजांना हा फरक सांगताना अडखळायला झालं असावं, म्हणून त्यांनी ज्याचं काही गेलेलं नाही त्याला एन्टायर म्हटलं आणि विषय सभ्यपणे संपवला. आमच्या छापील तक्त्यात घरमालकाचं नाव, नर किती, बडवले किती, आणि शेवटचा रकाना एन्टायर. त्या रकान्याची बेरीज शून्य येणं हे माझं काम होतं.

त्या वर्षी भात निघाल्यावर एक योजना आली. निवडक गावांना घाटावरच्या एका फार्मवरून सुधारित संकरित वळू मिळणार होता. अट एकच : गावात आधी एकही गावठी वळू शिल्लक नको. आमच्या हद्दीतलं एक गाव निवडलं गेलं. ते पक्क्या रस्त्यापासून सर्वांत जवळ होतं, आणि पाहुण्यांची जीप तिथपर्यंत जात होती, यापलीकडे निवडीचं कारण मला सापडलं नाही.

आमचे डॉक्टर पश्चिम महाराष्ट्रातले. वाईट माणूस नव्हे. पण त्यांना भाषणं करायला आवडे आणि इथे ऐकायला गुरंच येत. योजना आल्यावर ते टवटवीत झाले. मला बोलावून म्हणाले, "एन्टायर शून्य असलेला तक्ता तुमच्या सहीने आणा. समारंभ व्यवस्थित होऊ द्या. मग तुमच्या त्या कागदाचं बघू."

तो कागद कुठला हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी आणि दवाखान्यातला परिचर तीन दिवस त्या गावात होतो. परिचर पन्नाशीचा, इथलाच, गोंडी बोलणारा. जनावर कितीही उंडारलेलं असो, त्याच्या हाताखाली गपगार पडायचं. मी चिमटा लावायचो आणि घरोघर जाऊन लिहायचो. घरचे लोक खरं सांगत. लपवण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं घर झालं, मी बेरीज केली, शून्य आलं, आणि सही ठोकली.

गुरं परत यायच्या वेळेला आम्ही आखरावर चहा पीत बसलो होतो. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथून ढोरकी सकाळी सगळ्या गावाची ढोरं जंगलात नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. धूळ दिसली. धुळीच्या पुढे एक वळू चालत होता. राखाडी रंगाचा, छातीने रुंद, डावं शिंग टोकाला मोडलेलं. तो सरळ आखराच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि बाकीची ढोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी आपापल्या घरी वळली.

मी कप खाली ठेवला.

"हा कोणाचा?"

ढोरकी चाळिशीचा, हाडकुळा माणूस. त्याने खांद्यावरची काठी काढली. "कोणाचाच नाई जी."

"म्हणजे?"

"देवीच्या नावानं सोडेल आहे. माह्या पोरीच्या लग्नाच्या आंगोदर सोडला होता. तुमी इच्यारलं, तुह्या घरी किती? आता ज्याच्या-त्याच्या घरी हा नाईच, तं कोन सांगन?"

परिचर माझ्याकडे बघत नव्हता. तो चहाच्या तळाशी काहीतरी शोधत होता.

"तुले माहीत होतं ना?" मी त्याला विचारलं.

"गाव माह्या मावशीचं आहे साहेब," तो म्हणाला. "पण तुमी मले बी कुठी इच्यारलं? तुमी घरंच मोजून राह्यले."

चूक माझीच होती. मी घरं मोजली, आणि हा कुठल्याच घरचा नव्हता. तक्त्यात घरमालकाच्या नावाशिवाय ओळ सुरूच होत नाही. देवीचं नाव लिहिलं असतं तर नावापुढे तिचा अंगठा लागला असता.

मी ढोरकीला सांगितलं की वळू बडवावा लागेल, उद्या सकाळी, पाच मिनिटांचं काम. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मंग उद्यापासून मी ढोरं नेत नाई. दुसरा पाहा."

"काऊन?"

"साहेब, तुमी सायकलनं येता, सायकलनं जाता. मी तिकडं दिवसभर हातात काठी घेऊन राह्यतो. वाघ निंगाला तं बैल पयते. गाई बी पयते, चारी दिशेनं. हा पयत नाई. हा उभा राह्यते, अन् गाई याच्या मांगं गोया होते. मंग मी बी याच्याच मांगं उभा राह्यतो. शरम कायची?" त्याने वळूच्या मोडक्या शिंगाकडे बोट दाखवलं. "हे झाडाले घासून नाई मोडलं. याले बैल केलं तं हा बी पयन. त्याले काय पडलं मंग?"

वळूचं धैर्य चिमट्याने जातं का याबद्दल पुस्तकात बरंच लिहिलं आहे. ढोरकीने ते वाचलेलं नव्हतं, आणि ज्यांनी लिहिलं ते वाघासमोर उभे राहिले नव्हते. मी थकलो होतो. तीन दिवसांत मी इतकी जनावरं अपुरी केली होती की आणखी एकाने काही बिघडलं नसतं, आणि नेमकं त्यामुळेच हात उचलेना. तक्ता माझ्या पिशवीत होता, सही वाळलेली होती. खोटी ठरली तर घुग्घुस पुढची चार वर्षं तरी लांब. खरी करायची तर पाच मिनिटांचं काम.

"गुरुवारी समारंभ आहे," मी म्हटलं. "अकराला. बारापर्यंत सगळे जातील. तू सकाळी लवकर याले घेऊन जा अन् रोजच्या वेळेलेच परत ये. आंगोदर नको."

"अन् कागद?"

"कागद तुह्या कामाचा नाई."

परिचर हसला. "साहेब आता गावातले झाले," तो ढोरकीला म्हणाला. मला ते कौतुक वाटलं नाही.

गुरुवारी मी निमंत्रणपत्रिकेवर विश्वास ठेवला, ही दुसरी चूक. मांडव आखरावर घातला होता, कारण गावात सपाट जागा तेवढीच. संकरित वळू सकाळीच ट्रकमधून आला. दोन दिवस ट्रकमध्ये उभं राहून त्याच्या पायांना सूज आली होती, नाकातून पाणी गळत होतं. शाळेच्या मागे ट्रक लावला तर तो आतच बसला आणि उठेना. तांबूस, तुकतुकीत, फार देखणं जनावर. डोळ्यांत अगदी परक्या गावात उतरलेल्या माणसाचा भाव. अकरा वाजले, बारा वाजले. डॉक्टरांनी भाषणाचा कागद इतक्यांदा उलगडला-दुमडला की तो मधोमध फाटला. शाळेतली मुलं स्वागतगीत म्हणून-म्हणून बसली. दोन वाजता एक शिपाई सांगत आला की पाहुणे अहेरीला जेवत आहेत.

प्रमुख पाहुणे साडेचारला आले. जिल्ह्यातले एक पदाधिकारी, नाव इथे काही उपयोगाचं नाही, असे नंतरही बरेच पाहिले. त्यांनी बोलायला सुरुवात केली. एन्टायर आदिवासी समाज, एन्टायर जिल्हा, एन्टायर प्रशासन. मध्ये मध्ये इंग्रजी घालायची त्यांना सवय होती आणि तेवढं एकच विशेषण त्यांच्याजवळ होतं. मी सूर्याकडे बघत होतो. हिवाळ्यात तो घाईत असतो.

धूळ दिसली तेव्हा मी परिचराकडे पाहिलं. तो म्हणाला, "आता रोजच्या वेळेलेच ये म्हणून तुमीच सांगतलं ना."

ढोरं मांडवाला वळसा घालून गेली. वळू गेला नाही. त्याची जागा जिथे होती तिथेच मंच होता. तो लोकांमधून आला, लोक बाजूला झाले, आणि तो मंचासमोर, पहिल्या रांगेच्या पुढे, रोजच्यासारखा येऊन उभा राहिला. मागून ढोरकी धावत आला आणि त्याच्या मानेवर हात टाकून थांबला.

डॉक्टर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर माझी सही मला स्पष्ट दिसली. तेवढ्यात पाहुण्यांनी भाषण थांबवलं.

"वा!" ते म्हणाले. "काय जनावर आहे! हाच ना आपला वळू?"

गावातल्या शंभर माणसांना उत्तर माहीत होतं आणि एकानेही ते दिलं नाही. मी डॉक्टरांकडे पाहत होतो. त्यांनी एकदा शाळेकडे, ट्रकच्या दिशेने पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"होय साहेब," डॉक्टर म्हणाले. "हाच."

पाहुणे खाली उतरले आणि त्यांनी वळूला हार घातला. वळूने हारातली दोन झेंडूची फुलं खाल्ली. फोटो निघाला. सरकारी वळूच्या कानात सर्वांदेखत नंबरचा बिल्ला ठोकायचं ठरलं होतं. पाहुण्यांनी आठवण केली, आणि चिमटा माझ्या हातात आला. ढोरकी माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, हे काय करून राह्यले?"

"धरून ठेव भाऊ. हलू देऊ नको."

खट्‌ आवाज झाला.

"भोक पाडलं जी कानाले!"

"कानालेच पाडलं," मी म्हटलं. "नशीब समज."

रेंजरांच्या पानाची मला तिथे आठवण झाली. टाळ्या वाजत होत्या.

तो प्रसंग मी नंतर मित्रांना सांगितला की सगळे इथे हसतात, आणि मी पुढचं सांगत नाही. पुढचं असं की तो तांबूस वळू ट्रकमधून आमच्या दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी त्याच्यासाठी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आठ दिवस ते सकाळ-संध्याकाळ त्याच्याजवळ बसले, सलाईन लावलं, स्वतःच्या हाताने गवत भरवलं. भाषण एकही नाही. परिचर रोज त्याचे पाय शेकायचा. नवव्या दिवशी दुपारी वळू गेला.

मेल्याची नोंद करता येत नव्हती. कागदोपत्री तो गावात होता, कानात बिल्ला घेऊन, हार घातलेल्या फोटोसह. शवविच्छेदन करायचं तर कोणाचं? आम्ही तिघांनी दवाखान्याच्या मागे खड्डा खणला, मीठ टाकलं आणि बुजवला. डॉक्टरांनी हात धुतले आणि रजिस्टर उघडलं.

"काय लिहायचं?" त्यांनी मला विचारलं. हुकूम देण्याचा आवाज नव्हता तो.

"वळू गावात आहे साहेब," मी म्हटलं. "सुधारित एक. एन्टायर."

त्यांनी तसं लिहिलं. मग टाइपरायटरवरचं कापड काढलं आणि माझा कागद मी न मागता, स्वतः, एका बोटाने टाइप केला. अमुक याने माझ्या हाताखाली माझ्या एन्टायर सॅटिस्फॅक्शनने काम केलं आहे. सही केली, शिक्का मारला. शिक्का चंद्रपूरचा होता. मी तो घेतला. नको म्हणण्याइतका चांगला माणूस मी नव्हतो, आणि घेताना बरं वाटावं इतका वाईटही नव्हतो.

सुधारित वळूची पहिली वासरं समारंभानंतर दोन महिन्यांत जन्मली. गाईला नऊ महिने लागतात हे डॉक्टरांना माहीत होतं. वरच्या कार्यालयाने अभिनंदन कळवलं.

बदलीचा हुकूम उन्हाळ्यात आला. निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटचं म्हणून त्या गावावरून गेलो. सरकारी वळूला दरमहा सरकीच्या ढेपेचं एक पोतं मंजूर होतं, ते ढोरकीच्या ताब्यात द्यायचं होतं. ढोरं आखरावर जमत होती. वळू मधोमध उभा होता. कानातल्या बिल्ल्याभोवतीची जखम भरून आली होती, मोडकं शिंग तसंच.

"चालले म्हणते साहेब," ढोरकी म्हणाला. "घरी?"

"घरी."

"बरं झालं. पोरगी वयखते ना तुमाले?"

"आवाजावरून."

तो हसला. पोतं त्याने झाडाला टेकवून ठेवलं. मग म्हणाला, "तो दुसरा कसा आहे जी? तो लाल?"

एवढ्या महिन्यांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. वरच्या कार्यालयाने नाही, पाहुण्यांनी नाही, ज्या फार्मने तो पाठवला त्यांनीही नाही. बायकोनेसुद्धा नाही, कारण मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

"गेला," मी म्हटलं.

"कवा?"

"तवाच. नवव्या दिवशी."

ढोरकीने पोत्याकडे पाहिलं. "म्हंजे हे त्याचं होय," तो म्हणाला. "अन् हा खाऊन राह्यला." त्याने पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर ढेप काढली आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवली, वळू उभा होता तिथून बरीच लांब. एक गाय तिकडे वळली तर तिला त्याने काठीने परतवलं. मग पोतं बांधून टाकलं.

"देवीच्या नावानं एकाले सोडलं होतं," तो म्हणाला, "दुसरा सरकारच्या नावानं गेला." असं म्हणून त्याने तोंडाने आवाज काढला. वळू निघाला, त्याच्या मागे गाई, गाईंच्या मागे बैल, आणि सगळ्यांत शेवटी तो.

बसला गर्दी होती. बसायला मिळालं नाही. पेटी टपावर टाकली होती आणि पिशवी पायांत. अर्जाला नक्कल जोडली होती, मूळ प्रमाणपत्र हजर होताना दाखवायचं होतं. त्याला घडी पडली तर वरचे लोक दुसरं आणा म्हणतील, या भीतीने ते मी कशातच ठेवलं नव्हतं. अहेरीपर्यंत एका हाताने दांडी आणि एका हाताने तो कागद सपाट धरून मी उभा होतो.